विद्यापीठाच्या पॉडकास्टवर आजी-माजी विद्यार्थ्यांच्या गोष्टी ऐकवल्या तर गावाकडच्या पोरांना त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुमच्या विद्यापीठात असा पॉडकास्ट सुरू करायचं चाललंय, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: उपयोग होतो का, पाहुणे म्हणून कोणाला बोलवावं, आणि सामान काय लागतं. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वृत्तपत्रविद्या शिकवते. चार वर्षं झाली, आमच्या विभागातली पोरं-पोरी आणि मी मिळून असाच एक पॉडकास्ट चालवतो. उपयोग होतो, अगदी मनापासून सांगते. पण पहिल्या वर्षी आम्ही जसा केला तसा केलात तर होणार नाही, म्हणून आधी ते सांगते.

पहिल्या वर्षी पाहुण्यांची यादी ऑफिसातून आली. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या कामात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवावा लागतो, त्यामुळे त्या यादीत एक क्लास-वन अधिकारी, एक कारखानदार, एक परदेशात शिकवणारे प्राध्यापक अशी मंडळी होती. माणसं चांगली, वेळ काढून आलेली. पण आधी शाल-श्रीफळ झालं, मग फोटो, आणि मग माइकपुढे बसल्यावर त्यांच्या तोंडून आपोआप भाषणच निघालं. परिस्थिती हलाखीची होती, जिद्द सोडली नाही, आई-वडिलांचे आशीर्वाद. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ऐकणारे गळून जायचे, हे आकड्यांतच दिसत होतं.

का गळतात, ते मला औंढा नागनाथकडच्या एका पहिल्या वर्षाच्या मुलीनं सांगितलं. म्हणाली, "मॅडम, सर पुण्याला गेले म्हणले. पण गेले कसे? राहिले कुठं? पहिल्या महिन्याचं डिपॉझिट कोणी भरलं?"

मी त्या दिवशी वहीत हे तीन प्रश्न लिहून ठेवले आणि पुढचा सगळा पॉडकास्ट त्यांवर उभा राहिला. आपल्याकडे अजूनही वर्गात निम्म्याहून जास्त पोरं घरातली पहिलीच शिकणारी निघतात, निदान माझ्या वर्गात तरी. ज्या घरात आधी कोणी शिकलेलं असतं तिथं ही माहिती जेवता-जेवता कानावर पडते. जात पडताळणीचा अर्ज कधी टाकायचा, गॅप सर्टिफिकेट कुठून करून आणायचं, वसतिगृहाच्या यादीत नाव नाही आलं तर अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजनेचा अर्ज भरता येतो, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरून भागत नाही, कॉलेजानं तो पुढे पाठवला का हेही बघावं लागतं. हे सगळं कुठं ना कुठं छापलेलं असतं. पण कोणत्या खिडकीवर जायचं आणि 'उद्या या' म्हटल्यावर काय बोलायचं, हे सिनियरच सांगतो. ज्याला सिनियर नाही, त्याला तो आवाजातून मिळावा, एवढंच हे काम आहे.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून आम्ही पाहुण्याला अख्खं आयुष्य विचारायचं सोडलं. एकच वर्ष विचारतो, कधी एकच आठवडा. पहिल्या दिवशी पिशवीत काय होतं? मेसचा डबा परवडेना तेव्हा काय केलं? पहिल्यांदा खोटं कधी बोललात, घरी?

एक भाग सांगते, म्हणजे लक्षात येईल. आमचा एक माजी विद्यार्थी, रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला. मग सहा वर्षं पुण्याच्या पेठांत एमपीएससी. पूर्वपरीक्षा दर वेळी निघायची, मुख्य परीक्षेत अडकायचा. आता तालुक्याच्या गावी त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, मी काय बोलणार, माझं तर काहीच झालं नाही." दोन महिने मागे लागले तेव्हा एका रविवारी सकाळी आला. गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ बसून बोलायला लागला. दहा मिनिटं सगळं पुस्तकी. मी विचारलं, परत आलात त्या दिवशी पुस्तकांचं काय केलं? तो गप्प झाला. बाहेर लायब्ररीतल्या मामांनी खुर्ची सरकवली, तो आवाजही रेकॉर्डिंगमध्ये आहे. मग म्हणाला, "पोत्यात भरले. युरियाच्या. दोन पोते झाले. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं, म्हणला काय आहे यात? मी म्हणलो, बियाणं." पुढं म्हणाला, "घरी गेल्यावर बापू म्हणले, आता काय करूलालास? मी म्हणलो, विचार करूलालो. आठ दिवस घराच्या बाहेर नाही पडलो."

ते "बियाणं" मी संपादन करताना कितीतरी वेळा ऐकलं.

आणि त्याच भागाच्या शेवटी जे आलं ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. कीटकनाशकं विकायचा परवाना काढायला शेतीची पदवी चालतेच, पण रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेतलेली बीएस्सीही चालते. वाया गेली म्हणून त्यानं जी पदवी पेटीत टाकली होती, तिच्यावर त्याचं दुकान उभं राहिलं. परवान्याला कोणकोणते कागद लागले, पहिला माल उधारीवर कोणी दिला, हे त्यानं सगळं सांगितलं. भाग टाकल्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याकडे पोरांचे फोन येत होते, बहुतेक बीएस्सीवालेच. अधिकाऱ्यांच्या भागानंतर असा एकही फोन आम्हाला आला नव्हता.

आजी विद्यार्थ्यांना कमी लेखू नका. आमच्या विभागातला एक मुलगा बीड जिल्ह्यातला, आई-वडील ऊसतोडीला जातात. दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळे दिवाळी झाली न झाली की निघावंच लागतं. धाकट्या भावाला सांभाळायला तो महिनाभर तिकडे गेला आणि स्वतःच्या फोनवर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, बसून त्यानं रेकॉर्ड केलं. मागं ट्रॅक्टर चालू आहे, मधेच आई म्हणते, "भाकर खाय आधी." ते आम्ही कापलं नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख त्याला उसाच्या फडात कळली, फोन चार्ज करायला आणि रेंज मिळवायला तो कारखान्याच्या गेटपर्यंत चालत गेला, हे त्यानं कसलीही तक्रार न करता सांगितलं. आमच्या सहकाऱ्यांपैकी काहींना 'हा पोरगा हंगामात कुठं गायब असतो' हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानंतर आमच्या विभागात फॉर्मच्या तारखा ग्रुपवर आठवडाभर आधी, आवाजात टाकायला सुरुवात झाली.

आता जुन्या माणसांबद्दल, कारण तिथं घाई करायला पाहिजे. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला १९५० साली कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं, तेव्हा तर विद्यापीठही नव्हतं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चं. म्हणजे तोवर किनवटपासून वैजापूरपर्यंत सगळ्यांचं विद्यापीठ एकच. त्या पहिल्या तुकड्यांतली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या तरुणपणचा प्रवास, वसतिगृह, उर्दूतून मराठीत आलेलं शिक्षण, हे त्यांच्याबरोबर चाललंय.

नामांतराचंही तसंच. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला, आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत जे विद्यार्थी होते, त्यांतले बरेच आता निवृत्त झालेत. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लोटणाऱ्या गर्दीत त्यांतले कितीतरी असतात. आम्ही अशा एका निवृत्त शिक्षकांना बोलवलं. ते १९७८ च्या पावसाळ्यात वसतिगृहात होते. ठरावानंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. ते एवढंच म्हणाले, "दीड महिना घरचं पत्र नाही. घर राहिलंय का नाही, हेच माहीत नव्हतं. आणि सकाळी तासाला जाऊन बसत होतो." या विषयावर दोन बाजूंची चर्चा भरवू नका, असं माझं ठाम मत आहे. एका माणसाला त्यानं पाहिलेलं सांगू द्या आणि तुम्ही ऐका.

भाषेची भीती मात्र तुम्हालाच घालवावी लागेल. माइक दिसला की आपली माणसं जीभ सावरतात, 'येऊलालो'चं 'येत आहे' करतात, आणि त्याबरोबर गोष्टही निम्मी होते. मी सुरुवातीची पाच मिनिटं स्वतः घरच्यासारखं बोलते. तांड्यावरची एक मुलगी आजीचं बोलणं सांगताना आपसूक गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, गेली, मग स्वतःच थांबून मराठीत अर्थ सांगितला. तो त्या भागातला सगळ्यात जिवंत तुकडा आहे. परभणी-नांदेडकडची दखनी उर्दूही येऊ द्या.

मुलाखत कोणी घ्यावी, हेही महत्त्वाचं. अमेरिकेत २००३ पासून स्टोरीकॉर्प्स नावाचा उपक्रम चालतो. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी पहिली छोटी खोली उभारली. दोन ओळखीच्या माणसांनी आत बसायचं, चाळीस मिनिटं एकमेकांना विचारायचं, आणि ते रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलं जातं. आम्ही एवढंच उचललं की मुलाखत घेणारा अनोळखी नको. एका खोलीत राहिलेले दोघं, किंवा बाप आणि लेक, समोरासमोर बसवा आणि तुम्ही खोलीबाहेर जा.

सामानाचं थोडक्यात. साधा स्मार्टफोन आणि दोन कॉलर माइक पुरतात. आमचा 'स्टुडिओ' म्हणजे लायब्ररीमागची जुन्या अंकांची खोली. आवाज घुमू नये म्हणून तिन्ही बाजूंनी वाकळा टांगल्या आहेत, एक माझ्या आईनं शिवलेली. पंखा बंद ठेवायचा, एप्रिल-मेमध्ये सोसत नाही म्हणून सकाळी आठच्या आत उरकायचं. काटछाटीला ऑडॅसिटी, फुकट आहे. फाइल मोनो, ६४ केबीपीएसला काढा, म्हणजे वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत बसतो. एकदा होस्टिंगवर, म्हणजे भाग ठेवायच्या ऑनलाइन जागेवर, चढवला की तिथल्या फीडमधून सगळ्या पॉडकास्ट ॲपवर आपोआप जातो. पण आमची पोरं ॲप उघडत नाहीत, ती एसटीत एक इअरफोन कानात आणि एक मैत्रिणीच्या कानात घालून व्हॉट्सॲपवर ऐकतात. म्हणून आम्ही तालुकावार ग्रुपवर फाइलच पाठवतो.

याच व्हॉट्सॲपनं आम्हाला मोठा धडा दिला. एका मुलीनं शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाबद्दल बोलताना गावातल्या सावकाराचं नाव घेतलं. माझ्याकडून ते कापायचं राहिलं. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला, आवाज थरथरत होता. आम्ही भाग लगेच काढला, पण फाइल पुढं गेलेली होती, ती परत कशी आणणार? तो त्रास तिच्या घराला झाला आणि चूक माझी होती. तेव्हापासून तीन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. मराठीत लिहिलेलं संमतीपत्र बोलण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायचं. भाग बाहेर जाण्याआधी पाहुण्याला पूर्ण ऐकवायचा, आणि तो म्हणेल ते कारण न विचारता कापायचं. आणि तिसऱ्या कोणाचं नाव आलं की ते काढायचं, कितीही रंगात आलेलं असो. अठराच्या आतल्या मुलांचं पालकांच्या संमतीशिवाय रेकॉर्डच करत नाही.

पहिला पाहुणा कोण, असं विचाराल तर दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेलं कोणीतरी घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या माणसाची फी वेगळी, फॉर्म वेगळे, खोलीचं भाडं वेगळं. आणि तो भाग बारावीचा निकाल लागतो त्या आठवड्यात टाका. तेव्हा घराघरात 'आता पुढं काय' चालू असतं आणि सेतू केंद्राबाहेर रांग असते. शेवटच्या दोन मिनिटांत वसतिगृहाच्या अर्जाची तारीख, लागणारे कागद आणि कोणत्या खिडकीवर जायचं हे त्या पाहुण्याच्याच आवाजात घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा मागं नेऊन ऐकली जातात ती हीच दोन मिनिटं.