गेट वाजलं की टीव्ही बंद

मागे नागपुरात एका नाटकाचा प्रयोग झाला. ४७ वर्षांचा एक मॅनेजर, वीस वर्षं राबून आतून पार रिकामा झालेला. ऑफिसातून आला की अर्धा तास बिल्डिंगखाली गाडीतच बसून राहतो; वर घरात जायचं त्राण उरलेलं नसतं. शेवटी तो राजीनामा देतो, गावी जातो आणि दोन प्रवेशांत बरा होतो. तेव्हापासून ओपीडीत आणि पत्रांतून बर्नआउटबद्दलचा, म्हणजे कामानं असं रिकामं होण्याबद्दलचा, तोच गोंधळ पुन्हा पुन्हा येतो आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्यातल्या काही पत्रांना इथेच उत्तरं देते.

बर्नआउट हा आजार आहे का? (महाल)

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली मंजूर झालेल्या वर्गीकरणात ती कामाशी निगडित अवस्था मानली आहे. न ओसरणारा थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणं. पण रविवारीही, घरच्या लग्नातही काहीच गोड लागेना, झोप-भूक बिघडली आणि हे दोन आठवडे टिकलं, तर ते नैराश्य असू शकतं. नैराश्य हा आजार आहे. फरक तपासूनच कळतो.

यजमान मिहानमध्ये नोकरीला आहेत. नाटक पाहिल्यापासून ‘मीही राजीनामा देतो’ म्हणतात. देऊ द्यावा का? (प्रतापनगर)

आत्ता नको. थकलेलं मन मोठे निर्णय घाईनं घेतं आणि नंतर त्यांचं ओझं वाहतं. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो, नेमका गरज असते तेव्हा. आधी फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. ते मोठ्यानं घोरत असतील आणि दिवसा पेंगत असतील, तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचा थकवा राजीनाम्यानं जात नाही. मग रजा आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट. नोकरी सोडायचीच असेल तर ती बरं वाटू लागल्यावर, हिशोब करून.

दोन दिवसांचं ‘बर्नआउट मुक्ती’ शिबिर आहे, सोबत कॉर्टिसोलची तपासणी. जाऊ का? (धरमपेठ)

पैसे वाचवा. कॉर्टिसोल सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं. त्याच्या एका आकड्यावरून बर्नआउट ठरत नाही. भीती दाखवून पॅकेज विकण्याचा हा धंदा आहे. तेवढ्या पैशात तज्ज्ञांच्या कितीतरी भेटी होतात.

शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी चार महिने घेतोय. चालेल ना? (हिंगणा)

नाही. पण एकदम बंदही करू नका, त्यात धोका आहे. गोळीची पट्टी घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा.

मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. त्यांना काही कळत नाही, म्हणून यजमानांच्या या थकव्याबद्दल आम्ही सांगितलेलं नाही. सासरे म्हणतात, चाळिशीत असं होतंच, मार्च एंडिंग झालं की निवळेल. (मानेवाडा)

ताई, मुलांना कळतं. तुमच्याच पत्रात आहे, की बाबांची गाडी आली की मुलगी टीव्ही बंद करते आणि धाकट्याला आतल्या खोलीत नेते. काही कळत नसतं तर तिनं हे का केलं असतं? नाटकातली मुलगीही गेटच्या आवाजावरून ओळखते, आज बाबांशी बोलायचं की नाही. त्या दृश्याला प्रेक्षक हसले. मला ते बघवलं नाही, कारण अशा मुली मी रोज पाहते.

हट्ट नाही, तक्रार नाही, म्हणून अशा मुलांना सगळे शहाणं म्हणतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. मग पोट दुखतं, डोकं दुखतं, मार्क घसरतात. जे कुणी सांगत नाही त्याचं कारण मूल स्वतःत शोधतं: मला गणितात मार्क कमी पडले, म्हणून बाबा बोलत नाहीत.

म्हणून सांगा. दोघांना जवळ बसवून, जमलं तर बाबांनीच सांगावं: ‘मला कामाचा फार थकवा आलाय, मी डॉक्टरांना दाखवतोय, यात तुमची काही चूक नाही.’ कर्जाचे हप्ते आणि तुमची आपसातली भांडणं त्यांच्यापुढे नकोत. आणि ‘तूच बाबांना सांभाळ’ हे त्या पोरीला कधीही म्हणू नका. ती त्यांची आई नाही.

सासऱ्यांना सांगा, मार्चनंतर ऑडिट येतं, मग दिवाळी, मग पुन्हा मार्च. एप्रिलच्या उन्हात माझ्याकडे येणारे कितीतरी जण आदल्या दिवाळीपासून थांबलेले असतात. यजमानांना याच आठवड्यात न्या, आणि मुलीलाही एकदा समुपदेशकाशी एकटीनं बोलू द्या.

भाऊ हल्ली ‘मी नसलो तर बरं होईल’ म्हणतो. बोलण्याची पद्धत असेल का? (गोधनी)

तसं समजू नका. आजच्या आज मेडिकलच्या (नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय) किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मराठीत बोलता येतं. त्याला थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

यजमानांना हे नाटक दाखवू का? (सदर)

त्यांची इच्छा असेल तर न्या. परतताना ‘बघा, अगदी तुमच्यासारखं’ म्हणू नका. घराखाली पोचल्यावर तेही गाडीतच बसून राहिले, तर तुम्हीही शेजारी बसून राहा, आणि अपॉइंटमेंट कधीची घेऊ, एवढंच विचारा.