मुलीला एबीसीडी पाठ आहे, पण 'कॅट' वाचता येत नाही. घरी फोनिक्स कसं शिकवू?

चार वर्षांच्या मुलीबाबत हे अगदी स्वाभाविक आहे. तिला अक्षरांची नावं येतात, आवाज अजून येत नाहीत; फोनिक्स म्हणजे हे आवाज ओळखून, जोडून शब्द वाचणं. 'सी-ए-टी' कितीही भरभर म्हटलं तरी त्यातून 'कॅट' निघत नाही.

सुरुवात पुस्तकाशिवाय करा, तीही मराठीत. 'म्'ने सुरू होणारं घरात काय काय आहे? मीठ, मांजर, मोजे. हा कान तयार झाला की एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरं घ्या. एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन असे कितीतरी शब्द होतात, आणि आपण खरंच वाचतोय हे मुलीला लगेच कळतं.

मराठी घरांत एक गोष्ट मात्र फार जपायला हवी. आपल्या 'स'मध्ये 'अ' आधीच मिसळलेला असतो, म्हणून आपण सहज 'स-अॅ-ट' म्हणतो आणि मूल 'सअॅट'वर अडकतं. पाय मोडून म्हणा: स्‌ऽऽ, न्‌ऽऽ. ट् आणि प् लांबवता येत नाहीत, ते तुटक आणि हलके म्हणा. माझ्या मते निम्मं फोनिक्स इथेच जमतं किंवा बिघडतं.

'वॉज', 'सेड' असे शब्द नियमात नीट बसत नाहीत, ते नंतर. रोज दहा मिनिटं पुरेत. कंटाळली की थांबा. बी आणि डीची अदलाबदल या वयात होतेच, त्यावरून रागावू नका. आणि झोपताना मराठी गोष्ट वाचून दाखवणं अजिबात बंद करू नका.