वर्गात नव्याने आलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला बाकीची मुलं त्रास देतात. शिक्षकाने काय करावं?

आधी एक चूक टाळा: त्रास देणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणू नका. हे भांडण नव्हे, यात एकाचं पारडं आधीच जड असतं. दुबळं मूल समोर मान डोलावतं आणि बाहेर दुप्पट भोगतं.

त्रास सोसणाऱ्या मुलाशी एकांतात बोला. 'कोणी मारतं का?' विचारलंत तर 'नाही' येईल. 'मधल्या सुट्टीत कुठे बसतोस? कुठे जायचं टाळतोस?' असं विचारा. स्वच्छतागृह, जिना, बसमधला मागचा बाक अशी ठिकाणं निघतात. तिथे रोज त्याच वेळी मोठ्या माणसाने उभं राहायचं. तारीख, वेळ, जागा, वापरलेले शब्द जसेच्या तसे आणि बघे कोण होते, हे वहीत त्याच दिवशी लिहा. मोबाइलवरचा त्रास असेल तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

खरी किल्ली बघ्यांकडे असते. कॅनडात शाळेच्या मैदानांवर केलेल्या निरीक्षणात (२००१) सोबत्याने मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा छळ १० सेकंदांत थांबला होता. म्हणून दोन-तीन समंजस मुलांना काम द्या: 'चल, तुला सर बोलावतायत' म्हणत त्याला तिथून घेऊन यायचं. भाषणबाजी नको.

एकाकी मुलाला भेटवस्तू देणारा, 'घरी सांगू नकोस' म्हणणारा मोठा माणूस दिसला तर मात्र स्वतः तपास करत बसू नका. 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन मुलाला देऊ नका. त्याचे शब्द लिहून घ्या आणि त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.