लागल्यावर मारायचं, की लागायच्या आधी?

प्रश्न : काका, मी नाशिकचा. आधी ऑनलाइन पोकर खेळायचो. ऑगस्ट 2025च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा मित्राबरोबर पणजीला जातो. गेल्या खेपेला 100-200च्या टेबलावर 30,000 घेऊन बसलो होतो. एकाने 1,000 केले, दोघे तेवढेच घालून आले, मी बटणावर (फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी बोलायची जागा) बदाम गुलाम-दश्शी घेऊन आलो. ब्लाइंडवाले (पत्ते बघण्याआधी 100 आणि 200 लावणारे) गेले. फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) : बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किल्वर दुर्री. आधी 1,000 करणाऱ्या रेजवाल्याने 3,000 लावले, एक जण आला, दुसरा गेला, मी कॉल केला (तेवढेच घातले). टर्नला (चौथा पत्ता) चौकट तिर्री. त्याने 8,000 लावले, मधला पळाला. माझे 15 आऊट्स (हात बनवून देणारे पत्ते), गुणिले चार, म्हणजे 60 टक्के. उरलेले सगळे 26,000 पुढे सरकवले. त्याने क्षणात कॉल केला. इस्पिक आणि किल्वरचे एक्के! रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) इस्पिक राजा. मित्र म्हणतो, ड्रॉवर (अजून न बनलेल्या हातावर) कधीच मारायचं नाही, म्हणजे मोठं लावायचं नाही, लागल्यावर मारायचं. मी म्हणतो, नशीबच फुटकं. कोण बरोबर?
(नाव छापू नये)

उत्तर : सगळे आकडे लिहिलेत, आधी त्याबद्दल शाबासकी. बहुतेक पत्रांत नुसतं ‘पॉट खूप मोठा होता हो काका’ एवढंच असतं.

दोघंही चुकलात. पण तुमची चूक जास्त गमतीची आहे. चाल बरोबर होती, फक्त एक पत्ता उशिरा केलीत.

आऊट्स नीट मोजलेत. फ्लश (पाच बदाम) करणारे नऊ बदाम, आणि सरळ रांग (पाच लागोपाठ पत्ते) करणाऱ्या राणी-सत्तीच्या आठांतून बदामाच्या दोन आधीच धरल्या म्हणून वर सहा. पंधरा. पण गुणिले चार हे फ्लॉपवर, दोन पत्ते यायचे बाकी असताना करायचं. टर्न पडल्यावर गुणिले दोन. नेमकंच सांगायचं तर तुमचे दोन, त्याचे दोन आणि टेबलावरचे चार सोडले तर 44 पत्ते उरतात, त्यांतले 15 तुमचे. 34 टक्के. तुम्ही 60 समजून पैसे लावलेत आणि दोष नशिबाला दिलात.

आता पैशांत बघा. टर्नला त्याचे 8,000 पडल्यावर पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, झाला 21,300. तुम्ही नुसता कॉल केला असता तर 8,000 घालून 29,300 च्या पॉटमधला 34 टक्के वाटा, म्हणजे जवळजवळ 10,000. दोन हजारांचा फायदा, आणि रिव्हरला लागलं तर मागचे 18,000 मागायची संधी वेगळी. त्याऐवजी सगळे लावलेत. पॉट 65,300, त्यातला तुमचा वाटा साधारण 22,300, घातले 26,000. कॉल झाला की 3,700 चा खड्डा. तो भरून निघून वर नुसत्या कॉलची बरोबरी करायची, तर समोरच्याने चारांत एकदा तरी पत्ते टाकले पाहिजेत. त्याला 18,000 घालून 47,300 दिसत होते. हातात एक्के. तो कशाला टाकतोय?

हेच सगळे पैसे फ्लॉपवर लावले असते तर? तुमच्याकडे 29,000 होते. मधला गेला आणि याच माणसाने याच एक्क्यांवर कॉल केला असं धरा. पॉट तोच, 65,300. पण दोन पत्ते यायचे असताना गुलाम-दश्शी एक्क्यांच्या पुढे असते, शंभरातून 56 वेळा. वाटा 36,500 च्या वर. म्हणजे कॉल झाला तरी साडेसात हजारांनी तुम्हीच वर. आणि दोघांनीही पत्ते टाकले तर पडलेले 10,300 काहीही न लागता तुमचे. ड्रॉवाल्याच्या हातात तोवर नुसता गुलाम असतो हो, पण त्याच्याकडे जिंकायचे दोन रस्ते असतात. टर्नची तिर्री पडली तेव्हा एक रस्ता निम्मा झाला आणि दुसरा बंद. इस्पिक राजा तसाही पडला असता आणि पैसे तसेही गेले असते, हे खरं. पण मग मला पत्र लिहायची गरज पडली नसती.

आता तुमच्या मित्राकडे वळू. लागल्यावर मारू म्हणणाऱ्याला वाटतं, लागलं की समोरचा पैसे देतोच. बदाम पडून पाहा! तिसरा बदाम टेबलावर आला की सगळं टेबल जागं होतं. मोबाइलवर रील बघणाराही मान वर करतो. एक्केवाला चेक करतो (काही न लावता पाळी सोडतो), तुम्ही मोठं लावलंत की उसासा टाकून पत्ते डीलरकडे सरकवतो. राणी किंवा सत्तीची गोष्ट निराळी, ती डोळ्यात येत नाही. किल्वर सत्ती पडली तर तोच गृहस्थ एक्के कवटाळून शेवटच्या चिपपर्यंत येतो. म्हणून बदामांवर आधीच पैसे घातलेले बरे, सरळ रांगेसाठी थांबलं तरी चालतं, आणि दोन्ही एकत्र असले की मी फ्लॉपवरच मारतो.

मित्राचं एक मात्र खरं. गोव्यात पत्ते टाकणारा माणूस शोधावा लागतो. गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. त्यामुळे मांडवीतल्या बोटींवर तुमच्या टेबलावर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण मुंबई, बंगळुरू, हैदराबादहून तिकीट काढून, हॉटेलचे पैसे भरून आलेला असतो. चार तास पत्ते फेकत बसायला कोण येतं? तुम्ही ऑनलाइन शिकलात, तिथे एका टेबलावर तासाला साठेक हात होतात. इथे पंचवीस-तीस. एवढ्या वाट पाहण्यानंतर आलेले एक्के माणूस लग्नाच्या अंगठीसारखे धरून ठेवतो. म्हणून 15 आऊट्सना फ्लॉपवर मारा, कारण कॉल झाला तरी तुमचं बरं चाललेलं असतं. नुसत्या नऊ बदामांवर, खाली बाकी काही नसताना, अशा टेबलावर तेच केलंत तर निव्वळ दान. तिथे स्वस्तात पत्ता बघावा.

आणि ढीग किती आहे ते बघा. तुमच्या पॉटमध्ये फ्लॉपला 4,300 होते, मागे 29,000, म्हणजे सातपटीच्या आत. एवढ्यात एक्के-राजे कॉल करतात. मागे दीड लाख असते तर सगळं पुढे सरकवल्यावर एक्केवालासुद्धा दोनदा विचार करतो, आणि जो विचार करत नाही त्याच्याकडे सेट (तीन सारखे पत्ते) असतो किंवा बदाम एक्का. हे मी फुकट शिकलेलो नाही. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच टेबलावर रात्री दोनला माझ्यापुढे 1,40,000 जमले होते. किल्वर अठ्ठी-सत्ती, फ्लॉपला किल्वर नव्वी, किल्वर छक्की आणि एक बदाम दुर्री. पॉट सहा हजारांचा. मी रेज, समोरचे गृहस्थ री-रेज, मी सगळे. ते चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट अर्धं होतं, ते पूर्ण खाल्लं, बोटं रुमालाला पुसली आणि मग चिप्स सरकवल्या. तेवढ्यात मला कळलं होतं. तीन नव्व्या! सेटपुढे आपण शंभरात चाळीस-बेचाळीस वेळा, शिवाय टेबलावर जोडी पडली की लागलेला फ्लशही मातीत. मला काहीच लागलं नाही. पहाटेच्या बोटीने पणजीच्या धक्क्याला उतरलो आणि रिक्षासाठी सगळे खिसे चाचपत उभा राहिलो. आज तोच हात आला तर नुसता कॉल करीन, चहाकडे बघत.

तेव्हा पुढच्या खेपेला तीसच हजार घेऊन बसलात तर फ्लॉपवर. टर्नला आलात तर कॉल.

प्रश्न : दिवाळीत घरी आम्ही चिंचोक्यांवर पोकर खेळतो. ड्रॉ आला की मी मोठं लावते, पण मेहुणे एका दुर्रीच्या जोडीवरही कॉल करतात. काय करू?
(एक वाचक, अमरावती)

उत्तर : ताई, चिंचोक्यांवर कोणीही पत्ते टाकत नाही. गप्प बसून बदामाची वाट बघा, आणि लागला की दोन मुठी पुढे करा. मेहुणे देतील.