शंका-समाधान: उकळतं पाणी, पावसातली डिश आणि तळेवाडीचं वटवाघूळ

गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष किती वेळा झाले? आमच्या मंडळाच्या प्रश्नमंजूषेत यावरून वाद झाला. (चिकोडी)

एकदाच, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावच्या एकोणचाळिसाव्या अधिवेशनात. आदल्या वर्षी काकीनाड्याला मौलाना मोहम्मद अली अध्यक्ष होते आणि पुढच्या वर्षी कानपूरला सरोजिनी नायडू, म्हणून सन एकानं चुकलं की उत्तरही चुकतं. ‘तेव्हा बेळगाव कुठं होतं?’ असा उपप्रश्न आला तर मुंबई इलाखा. म्हैसूर राज्यात ते गेलं १९५६ साली.

पाणी १०० अंशांना उकळतं म्हणतात. माझा थर्मामीटर ९७-९८ च्या वर जात नाही. खराब आहे काय? (शहापूर, बेळगाव)

तो बरोबर आहे. शंभर अंश हे समुद्रसपाटीचं माप. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरमागे उत्कलनबिंदू सुमारे एक अंशानं उतरतो, म्हणजे इथं तो ९७.५ च्या आसपास येतो. तपासायचं असेल तर पाणी खळखळून उकळू द्या, थर्मामीटरचं टोक तळाला न टेकवता मधोमध धरा आणि दोन मिनिटांनी वाचा.

याचा खरा फटका पाक आणि गूळ करताना बसतो. किनाऱ्यावरच्या मापानं लिहिलेल्या कृतीत काहील ११८ अंशांना उतरवा असं असेल, तर इथं ११५.५ च्या सुमारासच ती अवस्था येते. ११८ ची वाट बघत बसलात तर रस जास्त आटतो, गूळ काळवंडतो. कुकरची चिंता नको. शिट्टीच्या दाबामुळं आत इथंही ११८-११९ अंश मिळतात, किनाऱ्यावर १२०.

पाऊस लागला की डिश जाते. कंपनीवाले म्हणतात, पावसाळ्यात असंच असतंय. खरं काय? (खानापूर)

निम्मं खरं. डिशचा सिग्नल १२ गिगाहर्ट्झच्या जवळपासचा, लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. पावसाचे टपोरे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. नुसत्या ढगांनी फारसं बिघडत नाही. मुसळधार सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं तर इलाज नाही. पण भुरभुर पावसातही जात असेल, तर दोष बहुतेक डिशच्या बसवणीत असतो. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि मग एकदम फुटतं, त्यामुळं उन्हाळ्यात ही चूक कळतच नाही.

सेटटॉप बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंथ’ नव्हे, ‘क्वालिटी’चा पट्टा बघा. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. बेळगाव-खानापुरातून त्याची दिशा उत्तरेपासून १२८ अंश, म्हणजे आग्नेयेच्या जरा पूर्वेला. क्षितिजापासून उंची ६१ अंश. खाजगी कंपन्यांचे उपग्रह वेगळे, त्यांचे कोन त्यांनाच विचारा.

आधी खांब ओळंब्यानं तपासा. तो कलला असेल तर ब्रॅकेटवरचे आकडे खोटे ठरतात. डिशच्या तव्यावर कोनमापक ठेवू नका, कारण आपल्या घरगुती डिशची रचनाच अशी असते की ती दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. बोल्ट सैल करून डिश अगदी मुंगीच्या पावलानं सरकवा आणि दर वेळी तीन-चार सेकंद थांबा, बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो. मग एलएनबी, म्हणजे डिशच्या पुढं दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा छोटा डबा, किंचित फिरवून बघा. बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एकच बाजू गच्च केली की सगळी मेहनत वाया.

पाऊस थांबून तास झाला तरी चित्र येत नसेल, तर जोडणीत पाणी शिरलंय. केबलचं टोक सोलून जाळी हिरवी-काळी दिसली तर चांगली तार लागेपर्यंत कापा, नवा कनेक्टर बसवा, वर टेप गुंडाळा. एलएनबीजवळ केबलला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. आणि एलएनबीला प्लास्टिकची पिशवी बांधू नका! पिशवीवर साचलेलं पाणी सिग्नल आणखी खातं.

भीमगडच्या जंगलातलं वटवाघूळ जगात दुसरीकडं कुठंच नाही, हे खरं काय? (येळ्ळूर)

आता नाही. राऊटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ, शास्त्रीय नाव ओटोमॉप्स राऊटनाय. याच जंगलातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या नमुन्यांवरून १९१३ मध्ये त्याचं वर्णन झालं. पुढं कित्येक दशकं हे एकच ठिकाण माहीत होतं, म्हणून तसं छापत गेले. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. मोठे, पुढं झुकलेले कान आणि पातळ पडद्याबाहेर आलेली शेपूट ही त्याची खूण. ते किडे खातं, फळबागेला त्याचा उपद्रव नाही. गुहेत बॅटऱ्या घेऊन शिरू नका: माणसाच्या वावरानं वटवाघळं वस्ती सोडतात. शिवाय २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना मुंग्या का दिसत? (निपाणी)

अँटेनात शिरलेल्या भटक्या रेडिओलहरींचा आणि टीव्हीच्या स्वतःच्या सर्किटचा गोंगाट. त्यातला अगदी थोडा भाग विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणाचा असतो. ते शोधल्याबद्दल पेंझियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना १९७८ चं नोबेल मिळालं. हल्लीचे टीव्ही सिग्नल नसला की पडदा निळा करतात, त्यामुळं मुंग्या बघायच्या तर माळ्यावरचा डबा टीव्हीच खाली काढावा लागेल.