टेक्सासमध्ये परमिटशिवाय बंदूक बाळगता येते, मग कन्सील्ड कॅरी परमिट (बंदूक लपवून अंगावर बाळगायचा परवाना) काढल्याने गन राइट्स टिकतात म्हणतात ते खरं का?

तुम्ही लिहिलंय की डॅलसजवळ राहता, ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय, एक पिस्तूल घेऊन झालंय. एक मित्र म्हणतो परमिटवर पैसे कशाला घालवतोस, दुसरा म्हणतो परमिटवाल्यांचा आकडा घसरला की हक्कही घसरणार.

दुसऱ्याचं ऐका. कारण मात्र तो अर्धवट देतोय. देशभर परमिटवाले दोन कोटींच्या वर आहेत असा अंदाज आहे, त्यात तुमची भर पडून काय होणारे? खरं कारण कागद आहे. कागदावर तुम्ही काहीतरी मागितलं होतं आणि तुम्हाला ते दिलं किंवा नाकारलं, हे लेखी असणं. हे मला कुठल्या अमेरिकन वकिलाने शिकवलं नाही, आमच्या घरातल्या ठासणीच्या बंदुकीने शिकवलं. थोडं लांबण लागेल, पण ऐकाच.

आम्ही सिंधुदुर्गातले. आजोबांकडे शेती संरक्षणाच्या लायसन्सवर एक ठासणीची बंदूक होती, म्हणजे नळीत काळी दारू घाला, छर्रे घाला, गजाने ठासा आणि मग एक बार. तोवर रानडुकरांचा कळप निम्मं भात लोळवून पसार. पण आवाजाने तरी डुकरं दोन-चार रात्री फिरकायची नाहीत, एवढा तिचा उपयोग. प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागला की परत आणायची. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. १९९६ च्या लोकसभेला अशीच जमा केली आणि मे महिन्यात आजोबा गेले. बंदूक ठाण्यात, पावती घरात, लायसन्स मेलेल्या माणसाच्या नावावर.

वारसाने अर्ज करायचा होता, बस. बाबा मुंबईत नोकरीला, मी कॉलेजात, गावात राहून शेती बघणारा माझा थोरला भाऊ. सातबारावर त्याचंही नाव चढलेलं. मी मुंबईहून अर्ज लिहून पाठवला, खाली फक्त सही करायची जागा सोडून. दादाने सही केली नाही. का? तर "मरांदे ता, कित्याक होयो तो ताप." वर म्हणे, आपली जमीन, आपली डुकरं, हक्काची गोष्ट आहे, ती कोण नेतंय, सावकाश बघू. ते सावकाश तीन वर्षं चाललं. १९९९ च्या निवडणुकीआधी मी स्वतःच पावती घेऊन गेलो. हवालदार भला माणूस होता, मागच्या खोलीत घेऊन गेला. भिंतीला पंचवीस-तीस बंदुका टेकवलेल्या, प्रत्येकीच्या नळीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी. आमची सापडली. चिठ्ठीवरचं आजोबांचं नाव वाचता येत होतं, घोडा मात्र गंजून बसलेला. वारसाचा अर्ज नाही, लायसन्स रद्द, आता ती सरकारजमा. मी त्याच्याशी भांडणार तरी काय? अर्ज करून नाकारला असता तर भांडलो असतो. आर्म्स ॲक्टमध्ये नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं. इथे मुळात मागितलंच नव्हतं. गावाकडे गेलो की दादाशी यावरून अजून वाजतं आमचं.

आता अमेरिकेत या. २००८ ची हेलर केस, म्हणजे घरात पिस्तूल ठेवणं हा माणसाचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं ती, सगळे तोंडावर फेकतात, पण तो डिक हेलर कोर्टात टिकला कसा हे फार कमी लोकांना माहीत असतं. वॉशिंग्टन डी.सी.च्या हँडगनबंदीविरुद्ध सहा जण गेले होते. अपील कोर्टाने पाच जणांना बाहेर काढलं, म्हणे तुमचं प्रत्यक्ष काय नुकसान झालंय ते दिसत नाही. एकटा हेलर उरला, कारण त्याने पिस्तूल नोंदवायचा अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला होता. बाकीच्यांच्या भावना तितक्याच खऱ्या, पण हातात कागद याच्याच. बरं हा माणूस सिक्युरिटीच्या नोकरीत दिवसभर सरकारी इमारतीत पिस्तूल लावून उभा असायचा, फक्त घरी ठेवायची परवानगी नव्हती.

२०२२ ची ब्रुएन केस घ्या. न्यूयॉर्कमध्ये कॅरी परमिटसाठी 'खास कारण' दाखवावं लागायचं, शंभरेक वर्षांचा कायदा. कोक आणि नॅश हे दोघं साधे अर्जदार, त्यांनी पूर्ण परमिट मागितलं, नाकारलं गेलं, ते वर गेले आणि सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ती अटच उडवली. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात, जिथे जिथे असलं 'कारण दाखवा' होतं तिथलं सगळं त्यासरशी गेलं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आज एखादा देशपांडे कॅरी परमिट काढून फिरत असेल तर ते त्या दोघांनी फॉर्म भरल्यामुळे.

माझा एक जुना सहकारी आहे, ईस्ट टेक्सासचा. त्याचं उलटं मत, हक्क असेल तर परवानगी कशाला मागायची, परमिट काढणं म्हणजे आपणच मान्य केलं की मालक ते आहेत. शिवाय सरकारकडे यादी होते ती वेगळीच. ऐकायला फार मर्दानी वाटतं, आणि यादीची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मला त्याच्या तोंडून दादाच ऐकू येतो, इंग्रजीतून. टेक्सासमध्ये आज परमिटशिवाय बाळगता येतं ते आकाशातून पडलं का? १९९१ साली किलीन गावात लुबीज कॅफेटेरियात एकाने २३ माणसं मारली. सुझाना हप नावाची बाई तिथे होती, तिची रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत, कारण अंगावर ठेवणं तेव्हा बेकायदा. तिचे आई-वडील दोघंही त्यात गेले. तिने पुढे कमिट्यांसमोर साक्षी देत आख्खा देश पालथा घातला. १९९३ मध्ये गव्हर्नर रिचर्ड्सबाईंनी कॅरीचं बिल अडवलं, १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर झाल्यावर ते झालं. म्हणजे आधी परमिट. मग पंचवीस वर्षं लाखो लोकांनी परमिट काढून दाखवलं की रस्त्यात रक्ताचे पाट वाहत नाहीत. इथलं डीपीएस, म्हणजे लायसन्स देणारं राज्याचं सुरक्षा खातं, दरवर्षी लायसन्सवाल्यांपैकी किती जणांना कशात शिक्षा झाली त्याचा तक्ता छापतं, त्यात लायसन्सवाल्यांचा वाटा नेहमी अगदी किरकोळ दिसतो. तो तक्ता हातात होता म्हणून २०२१ मध्ये परमिटलेस कॅरीचं बिल विधानसभेत उभं राहू शकलं. सहकाऱ्याला आज जे फुकट मिळतंय त्याचे पैसे आम्ही भरलेत, १४० डॉलर प्रत्येकी.

हो, मी २०१४ मध्ये काढलं तेव्हा फी १४० होती, आता ४० आहे. तेव्हा नाव पण सीएचएल (कन्सील्ड हँडगन लायसन्स) होतं, आता एलटीसी (लायसन्स टू कॅरी). एका शनिवारी क्लास, एका मोटेलच्या मीटिंग रूममध्ये, कॉफी पाणचट, शिकवणारा रिटायर्ड शेरीफ, त्याने अर्धा वेळ बंदूक कधी काढायची नाही हेच सांगितलं, ते मला आवडलं. मग रेंजवर ५० राउंड, तीन यार्डावरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा. २५० पैकी १७५ ला पास. शेजारच्या लेनमध्ये सत्तरीची एक आजीबाई, शाळेत शिकवायची म्हणे. माझा चष्मा बायफोकल, पंधरा यार्डाला नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायची खूण) दिसली तर टार्गेट दिसत नव्हतं आणि टार्गेट दिसलं तर माशी गायब. मला २११. बाईंना २४६, आणि त्या मलाच धीर देत होत्या. मी त्यांना ठासणीच्या बंदुकीचं सांगितलं तर म्हणाल्या, त्यांच्या आजोबांकडेही खारी मारायला तसलीच होती, भिंतीवर लटकवलीये अजून. अजून! मला तिथे रेंजवर उभ्या उभ्या दादाचा असा राग आला ना.

बोटांचे ठसे घेतले तेव्हाही आजोबाच आठवले. त्यांच्या लायसन्सच्या पुस्तकात अंगठा होता, सही येत नव्हती त्यांना. अक्षरओळख नसलेल्या माणसाने दर खेपेला तालुक्याला चालत जाऊन रिन्यू केलं आणि बी.ए. झालेल्या नातवाला एक सही जड झाली.

आपल्या लोकांचं मला एक कळत नाही, गन म्हटलं की हे आपलं कल्चर नाही म्हणतात. १८७८ चा लिटनचा आर्म्स ॲक्ट, हिंदी माणसाला लायसन्स आणि गोऱ्याला सूट, याविरुद्ध काँग्रेस सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ठराव करत होती. १९३१ च्या कराची ठरावात नागरिकाला शस्त्र बाळगायचा हक्क लिहिलेला आहे, नियमांच्या अधीन राहून. साहेबाची मर्जी म्हणजे काय हे आपल्याला चांगलं माहितीये. इथेही तेच. १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब टाकला, त्याने माँटगोमेरीत कॅरी परमिट मागितलं, नाही दिलं. 'योग्य माणूस' कोण हे अधिकाऱ्याने ठरवायचं म्हटलं की असंच होतं.

असो, तुमच्या कामाचं. परमिट लागत नाही हे खरं असलं तरी ते काढा, कारण एकतर शाळेपासून १००० फुटांत भरलेली बंदूक नेणं हा फेडरल गुन्हा आहे, त्यातून सूट त्याच राज्याचं लायसन्स असलेल्याला, आणि फ्रिस्को-प्लेनोत दुधाची पिशवी आणायला निघालात तरी दोन शाळा लागतात. दुसरं, पुढची बंदूक घेताना काउंटरवर बॅकग्राउंड चेकसाठी ताटकळावं लागत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना तिथे 'डिले' फार येतो, मला दोनदा आला. दारावरच्या पाट्यांतही फरक पडतो, टेक्सासच्या कायद्यातल्या कलम ३०.०५ ची 'बंदूक आणू नका' पाटी बिनपरमिटवाल्यांसाठी, कन्सील्ड लायसन्सवाल्याला अडवायला ३०.०६ लागते. राज्याबाहेर शेजारची बरीच राज्यं आपलं मानतात. न्यू जर्सी कुणाचंच मानत नाही! शनीन ॲलन नावाची फिलाडेल्फियाची बाई २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या परमिटवर पूल ओलांडून गेली, पोलिसाला आपण होऊन सांगितलं की गाडीत बंदूक आहे, आणि अटक. वर्षानुवर्षांची कैद समोर, शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. तेव्हा मेव्हण्याकडे एडिसनला जाताना बंदूक घरी.

मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये असतो, तिथे परमिट असूनही आत न्यायची नाही, गाडीत कुलपात. दोन पेग झाले असतील तर अंगावर नको.

आणि हे आधी सांगायला हवं होतं. एच-वन-बी (नोकरीचा) किंवा एच-फोर (त्याच्या कुटुंबाचा) व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक हातात धरायलाही बंदी आहे, शिकारीचं चालू लायसन्स वगैरे दोन-चार अपवाद सोडले तर. तुम्ही हौसेने नव्या रूममेटला रेंजवर नेऊन 'घे एक राउंड मार' म्हणालात तर दोघांचं वाटोळं, त्याचा व्हिसा आणि तुमचं सिटिझनशिप. घरात टीनएजर असेल तर आधी तिजोरी, मग बंदूक. या देशात बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. माझ्या मुलाच्या अकरावीत तो जरा गप्प गप्प होता तेव्हा मी सहा महिने माझं पिस्तूल एका मित्राच्या तिजोरीत ठेवलं होतं. कुणी काही म्हणो.

नुसत्या परमिटने हक्क टिकतो असंही नाही, मतदान करणारे लागतात, आणि ग्रीन कार्डवर तुम्हाला मत नाही. पण फॉर्म भरता येतो ना, तो भरा. नाकारला तर ते पत्र फाडू नका.

गेल्या दिवाळीत दादाचा फोन, डुकरांनी कणगरांची आख्खी वाफी उकरली, तुझ्या अमेरिकेत बंदुका दुकानात मिळतात, आमच्या नशिबात फटाके. मी विचारलं नवीन लायसन्सला अर्ज केलास का. तिकडून म्हणतो, "करतलंय मा, घाई कसली."