बोटुकलीचा दम किती?

प्रश्न : आमच्या मत्स्यतळ्यातून पंपाने पाणी उपसताना चार-पाच सेंटिमीटरची बोटुकली जाळीला चिकटून मरते. लहान माशांची पोहण्याची ताकद मोजता येते असं ऐकलं. ती कशी मोजतात, आणि आम्हाला तिचा उपयोग काय?

उत्तर : येते की! माझा बराचसा वेळ त्यातच जातो. बंद वळशाच्या नळीत मोटारीवरच्या पंख्याने पाणी फिरवत ठेवायचं. मधल्या पारदर्शक भागात मासा सोडायचा, पुढे-मागे जाळी. अंगावर प्रवाह आला की बहुतेक मासे आपसूक त्याच्याकडे तोंड करून पोहू लागतात. थोडक्यात, माशांची ट्रेडमिल. मासा नळीला सरावला की ठरावीक वेळाने वेग एकेक पायरी वाढवायचा.

दमत आलेला मासा ओळखू येतो. शेपटीची एकसारखी लय मोडते, तो झटका मारून पुढे जातो आणि अंग सोडून मागे घसरतो. शेपूट मागच्या जाळीला टेकते, पुन्हा झटका. शेवटी तो जाळीवर आडवा पडतो आणि उठत नाही. तिथे घड्याळ थांबवायचं आणि लगेच प्रवाह कमी करायचा.

हिशेब सोपा आहे. समजा, दर 20 मिनिटांनी सेकंदाला 5 सेंटिमीटरने वेग वाढवला. माशाने 30 ची पायरी पूर्ण केली आणि 35 वर आठव्या मिनिटाला हात टेकले. आठ भागिले वीस गुणिले पाच, म्हणजे 2. ते 30 मध्ये मिळवा : सेकंदाला 32 सेंटिमीटर. याला क्रांतिक वेग म्हणतात. ब्रेट या शास्त्रज्ञाने 1964 मध्ये सॉकआय सामन या माशाच्या पिल्लांवर ही पद्धत वापरली, आणि आजही तीच चालते.

पण नुसता 32 हा आकडा कुणी सांगितला, तर मी आधी तीन गोष्टी विचारते : पायरी किती मिनिटांची, पाणी किती अंशांचं आणि मासा केवढा? पायऱ्या आखूड असतील तर आकडा फुगतो. नेहमीपेक्षा थंड पाण्यात तोच मासा लवकर थकतो. काही बेटे तर पोहतच नाहीत, तळाशी किंवा कडेला, जिथे प्रवाह मंद असतो तिथे, दबा धरून बसतात. अशांना मागच्या जाळीतून विजेचा सौम्य झटका देण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्यात दमाबरोबर भीतीही मोजली जाते. मी नळीचा पुढचा भाग झाकून अंधार करते. आडोशाच्या ओढीने बरेचसे पुढे सरकतात.

अहवालांत वेग बरेचदा ‘सेकंदाला इतक्या शरीरलांब्या’ असा असतो. त्यावर भाळू नका. 4 सेंटिमीटरचा मासा आठ लांब्या पोहला तरी ते 32 सेंटिमीटरच. 20 सेंटिमीटरचा चारच लांब्या पोहून 80 गाठतो. तुमच्या पंपाला सेंटिमीटरच कळतात.

आता तुमची जाळी. क्रांतिक वेग ही दमण्याची हद्द आहे, तेवढा प्रवाह ठेवायचा नसतो. जाळीपुढे मासा तासन् तास तग धरू शकला पाहिजे. झटक्यात तो याहून कितीतरी जोरात पळतो, पण ते बळ काही सेकंदांचं. झटक्याचं बळ देणारे पांढरे स्नायू एकदा थकले की सावरायला तास लागतात, आणि तोवर पंप चालूच असतो.

पंपाचं पाणी भागिले जाळीच्या छिद्रांचं एकूण क्षेत्रफळ, हा झाला छिद्रांतला सरासरी वेग. सेकंदाला 20 लिटर उपसा आणि छिद्रं मिळून 0.1 चौरस मीटर असतील, तर 20 सेंटिमीटर. बोटुकलीसाठी हा मला जास्त वाटतो. पाइपाच्या तोंडाशी घट्ट बसवलेली छोटी जाळी काढून भोवती मोठा पिंजरा करा. छिद्रं 0.4 चौरस मीटर झाली की वेग 5 वर येतो. पाइपाचं तोंड पिंजऱ्याच्या मधोमध ठेवा, नाहीतर एकाच बाजूने ओढ लागेल. आणि शेवाळ घासत जा. निम्मी छिद्रं बुजली की उरलेल्यांतून वेग दुप्पट होतो.